'सील' म्हणजे नेमके काय?

इंग्रजी शब्द दिसला की कपाळाला आठ्या घालणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. टेबल, स्टेशन, तिकीट आमच्या वाडवडिलांनी केव्हाच पचविले. परंतु 2020 साली कोरोनाबरोबर सीमाभागात 'सीलडाऊन' हा जो शब्द शिरला, तो आमच्या घशाखाली अजून उतरलेला नाही.

इंग्रजीत 'सील' म्हणजे मोहोर, लाखेवर उठविलेला ठसा. जागा वेढून बंद केली की इंग्रज 'सील ऑफ' म्हणतो. त्याला 'लॉकडाऊन'चे शेपूट जोडून कर्नाटकात 'सीलडाऊन' झाले. रुग्ण सापडला, गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले, की झाली गल्ली सीलडाऊन! पलीकडे चंदगडात त्यालाच 'प्रतिबंधित क्षेत्र' म्हणत. रोग एक, सोयरे एक, नावे दोन. वृत्तपत्रांनीही हा शब्द बेलाशक छापला. तो दोष आम्ही झटकत नाही.

आता खेड्यातल्या माणसाला 'सील' ठाऊक असते ते जप्तीमुळे. कर्ज थकले की दाराला कुलूप लागते आणि वर कागद चिकटतो, ते सील. त्यामुळे "घर सील केले" असे ऐकून एखाद्या म्हातारीने सोसायटीचा कोणता हप्ता चुकला म्हणून विचारले, तर हसणाऱ्यालाच लाज वाटावी. तिला हवे होते ते निराळेच. बांबूपलीकडच्या गोठ्यातली म्हैस पिळायला जायचे की नाही? दूध डेअरीला कोण घालणार? औषध कोण आणणार? फलकावर कन्नड होते, इंग्रजी होते. तिला वाचता येणारी ओळ तेवढी नव्हती.

आपल्याकडे 'नाकाबंदी' आहे. ऐकताच नाक्यावर कोणी उभे आहे हे कळते. 'ये-जा बंद' तर पोरालाही कळते. दूधगंगा, वेदगंगेला पूर आला की निपाणी-चिकोडीकडचे बुडणारे पूल दर पावसाळ्यात बंद होतात. तेथे न कळलेली पाटी जीवावर बेतू शकते.

भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे केंद्राचे जुनेच धोरण आहे. आम्ही फार मागत नाही. कन्नडाखाली मराठीत एवढेच लिहा : 'पुलावर पाणी आहे. ये-जा बंद. पर्यायी रस्ता अमुक गावावरून.' रंगाचा अर्धा डबाही लागणार नाही.