श्रम आणि श्रेणी

उल्हास नदीकाठच्या दहिवलीतून पहाटे कर्जत स्थानक गाठून लोकलने महाविद्यालयात जाणारा, आणि परतल्यावर रात्री दुकानाची खतावणी लिहिणारा विद्यार्थी जेव्हा प्रथम श्रेणी मिळवतो, तेव्हा केवळ त्याच्या बुद्धीचे कौतुक करून आपण मोकळे व्हावे, हे मला अन्यायाचे वाटते. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली साताऱ्यास ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर महाविद्यालय उघडून श्रमाला विद्येच्या आवारातच मानाचे स्थान दिले. आमच्या मुलांचे तास मात्र आगगाडी खाते. म्हणून महाविद्यालयांनी ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, दफ्तरात त्यांना सवेतन काम द्यावे, आणि ७५ टक्के हजेरीचा दंडक त्यांच्यापुरता शिथिल करावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे.