कामावर गेली म्हणजे दुखणं खोटं?

"कापूस येचाले तं बराबर येते, अन् निराधारचे पैसेबी पायजेत!" असं बोलणारी माणसं वऱ्हाडात शोधत फिरावं लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडला एखाद्या पानठेल्यावर उभे राहा, सिकलसेलच्या पेशंटचा विषय काढा आणि ऐका. काल वावरात दिसलेली पोरगी आज खाटेवर कण्हत पडली, म्हणजे ते सोंगच. निकाल लागला! डॉक्टर नको, तपासणी नको, अपील तर नाहीच.

हा निकाल देणाऱ्या शहाण्यांनो, तुम्हाला त्या दुखण्याबद्दल काय ठाऊक आहे? विदर्भात सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्येच केली. म्हणजे हा आजार आपल्या ओळखीचा होऊन दोन पिढ्या उलटल्या. या आजारात रक्तातली गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला प्राणवायू पोचत नाही आणि हाडं आतून ठणकू लागतात. कुणाला हा झटका दर महिन्याला येतो, कुणाला वर्षात दोनदा. मधले दिवस तो माणूस तुमच्याआमच्यासारखाच दिसतो. पुढे काहींच्या खुब्याचं हाड रक्ताविना झिजतं, मग चालही बदलते. तोवर मात्र दाखवायला ना कुबडी, ना पांढरी काठी.

आता झटका कशाने येतो तेही ऐका: थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, अतिश्रम, ताप. आणि कापसाची वेचणी कधी असते? दिवाळीनंतरच्या थंडीत, पहाटेच्या दवात. उन्हाळ्यातली वावरातली कामं अकोल्याच्या 45 अंशांत. ज्या कामाने हे दुखणं उठतं तेच काम करून तिला पोट भरावं लागतं. ती कामावर येते याचा अर्थ ती धडधाकट आहे असा तुम्ही लावता. चूल पेटवायला दुसरा मार्ग नाही, म्हणून ती येते.

कायदा काय म्हणतो? 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते 21 केले, त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. किमान 40 टक्क्यांचा दाखला असेल तर ठरावीक प्रकारच्या दिव्यांगांना सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे, रक्ताचे हे आजार मात्र त्यात नाहीत. पगारदार दिव्यांगाला प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत 75 हजारांची वजावट आहे. जरा थांबून विचार करा. नोकरीतलं आरक्षण काम करणाऱ्यालाच मिळणार ना? करातली वजावट कमावणाऱ्यालाच उपयोगी ना? म्हणजे दिव्यांग माणूस काम करतो, कमावतो, हे कायद्याने केव्हाच मान्य केलं आहे.

पण हे मान्य झालं ते पगारवाल्यापुरतं. मजुराच्या वाट्याला संजय गांधी निराधार योजना येते, आणि तिथे दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50 हजार रुपये आहे. सगळ्या घराचे दिवसाला 137 रुपये! रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी, 312 रुपये, धरली तर नवराबायकोने वर्षात 81-81 दिवस काम केलं की घर मर्यादेबाहेर गेलं. साहेबाच्या दिव्यांगपणाला पगार चालतो, मजुराच्या दिव्यांगपणाला मजुरी चालत नाही. मग उत्पन्नाच्या दाखल्यावर खोटा आकडा लिहून आणल्याशिवाय त्या घराला गत्यंतर काय? आपणच त्याला खोटं बोलायला लावतो आणि वर त्यालाच लबाड म्हणतो. ज्यांचं दुखणं त्या 21 प्रकारांत बसतच नाही, अंगभर ठणकणारा फायब्रोमायल्जिया किंवा सांधे अजून वाकडे न झालेला संधिवात, त्यांना तर या यादीत उभं राहायलाही जागा नाही.

खोटे लाभार्थी असतात, हे मी नाकारत नाही. 2024 मध्ये वाशिमला बदलून आलेल्या प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्या प्रमाणपत्रांवरून देशभर काहूर उठलं. पुढे राज्यभर दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या दाखल्यांची पडताळणी सुरू झाली. व्हायलाच हवी, खोट्या लाभार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कैद 2016 च्याच कायद्यात लिहिली आहे. पण लाडकी बहीण योजनेत सरकारी कर्मचारी आणि चक्क पुरुषही पैसे घेताना सापडले, तेव्हा तुमच्या पानठेल्यावर किती संताप झाला? ट्रॅक्टर दारात उभा असून पोराच्या शिष्यवृत्तीसाठी कमी उत्पन्नाचा दाखला काढणाऱ्याला आपण हुशार म्हणतो. सोंगाडी ठरते ती फक्त ठणकत्या हाडांची मजूरबाई. हा आजार विदर्भात जास्त करून आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या घरांत आहे, हे इथे बोलायलाच हवं. संशय कुणाच्या दारात जाऊन बसतो, हे आपल्या समाजात जात बघून ठरतं.

गाडगेबाबा याच वऱ्हाडचे, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या दशसूत्रीत अंध-पंगू-रोग्यांना औषधोपचार आहे आणि बेकारांना रोजगारही आहे. रोगी असाल तर रोजगार मागू नका, अशी अट बाबांनी घातली नव्हती. त्यांच्या पुण्यतिथीला खराटे घेऊन फोटो काढणाऱ्यांनी ही अट कुठून आणली?

दाखल्याची वाटही पाहा. हिवरखेडवरून जाणारी मीटरगेज गाडी बंद होऊन वर्षं झाली. अकोट करत एसटीने अकोला गाठायचं, रांगेत उभं राहायचं, अमुक डॉक्टर आज नाहीत हे ऐकून परतायचं. तिकिटात सवलत आहे. सोबत आलेल्या नवऱ्याची बुडालेली मजुरी कोण देणार? हे सगळं करून 2025 पर्यंत हाती काय पडायचं, तर महिन्याला 1500 रुपये. ते 2500 करण्याचा निर्णय 2025 च्या सप्टेंबरात झाला, तोही जूनमध्ये दिव्यांगांच्या प्रश्नांवर लढणारे बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसल्यानंतर.

महाराष्ट्राने 3 डिसेंबर 2022 ला स्वतंत्र दिव्यांग विभाग काढला. त्या विभागाने आता एवढं करावं: निराधार योजनेसाठी उत्पन्न मोजताना दिव्यांगाची स्वतःची मजुरी त्यातून वगळावी. आणि हिवरखेडकरांनो, तुमच्या गावात आता नगरपरिषद आली आहे. स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करणं तिला बंधनकारक आहे. मत मागायला येणाऱ्याला त्या पैशाचा हिशेब विचारा. शेजारणीच्या दुखण्याचा हिशेब मागण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही.