साखरेच्या बेटावर बायकांनी मांडलेले संसार

मैत्रिणींनो, मॉरिशस म्हटले की हल्ली मधुचंद्राचे फोटो आणि निळा समुद्रच डोळ्यांपुढे येतो, नाही? देश एवढासा, की आपल्या पुणे जिल्ह्यात असे सात सहज मावतील. पण तिथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी, आफ्रिकी वंशाचे लोक असे सगळे एकत्र नांदतात. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश मूळचे आपल्याकडचे. एवढी माणसे तिथे गेली तरी कशी?

इंग्रजांनी १८३५ साली तिथली गुलामगिरी बंद केली. उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते, म्हणून मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलस’ जहाजाने ३६ मजूर पोर्ट लुईस बंदरात उतरले. तेव्हापासून पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसे गेली. बहुतेक बिहारकडची, काही मद्रासकडची, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणची. कोणी दुष्काळाने, कोणी कर्जाने घर सोडले. पाच वर्षांचा करार असे. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे लोकांच्या तोंडी झाले ‘गिरमिट’! महिना पाच रुपये पगार, वर तांदूळ, डाळ, मीठ. पण एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा, असा तिथला जाच!

सुरुवातीला मळेवाल्यांना हवे होते नुसते पुरुष. बायका-मुलांचे लोढणे कशाला, हा त्यांचा हिशेब. पुढे सरकारने जहाजात अमुक इतक्या बायका असल्याच पाहिजेत असा नियम घातला, तेव्हा कुठे संसार उभे राहू लागले. नवऱ्याबरोबर गेलेल्या होत्या तशा एकट्या निघालेल्याही होत्या, विधवाही होत्या. समुद्र ओलांडला की जात बाटते असे मानण्याचा तो काळ. त्या काळात एकटीने जहाजात पाऊल टाकायचे, म्हणजे घरी काय सोसले असेल याचा विचार करा.

या बायकांनीच मजुरांच्या खोल्यांची घरे केली. गाई पाळल्या, भाजी लावली, मुलांच्या कानावर आपली भाषा घातली. बिहारी बायकांची डाळपुरी आज तिथे सगळ्या धर्मांचे लोक रस्त्यावर उभे राहून खातात. आपल्या पुरणपोळीची ही तिखटमिठाची बहीणच म्हणा ना! कोकणातली जाखडी तिथे अजून नाचतात, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवतात. देश १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला. मजूर जिथे उतरत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे.

मला सर्वांत विचार करायला लावले ते तिथल्या कागदांनी. बंदरात उतरणाऱ्या प्रत्येकाला एक नंबर मिळे. वहीत नाव, बापाचे नाव, वय, गाव लिहीत. पुढे फोटोही काढू लागले. कारकून कानाला ऐकू येईल तसे नाव लिही, आणि बाबाजी, भिवाजी अशी साधी नावेच पुढे आडनावे होऊन बसली. पण त्या वह्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. त्यांत शोधून आजची पणती आपल्या पणजीचे गाव काढू शकते.

आणि आपण? आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात नवे नाव लिहिले, की माहेरचे नाव हळूहळू पुसले जाते. वर्गात मुलींना मी विचारले, तर आजीचे माहेरचे नाव-आडनाव चौघी-पाच जणींनाच ठाऊक होते; पणजीचे तर कोणालाच नाही! मजुरीला नेलेल्या बाईचे मूळ नाव परक्या सरकारच्या वहीत सापडते, आणि आपल्याच घरातल्या बाईचे सापडत नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढे कराच. एक जाड पुठ्ठ्याची वही घ्या. सासूबाई, आई, आत्या, मावशी, ज्या कोणी वडीलधाऱ्या असतील त्यांच्याजवळ दुपारी निवांत बसा. त्यांचे माहेरचे नाव, गाव, आईचे नाव, लग्नाचे साल आणि त्यांच्या हातचा एखादा खास पदार्थ लिहून घ्या. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे घाला. शाईचा डाग पुढे उमटतो. आणि पहिल्या पानावर स्वतःचे माहेरचे नाव लिहायला विसरू नका हं!