लांब दोरीचं शहाणपण

गावाकडून फोन आला की आधी पावसाची बातमी असते. गेल्या जूनमध्ये मात्र धाकट्या भावाने "कसा हायस"सुद्धा न विचारता सुरुवात केली, "दादा, मशीनची दोरी वढली ती भाईरच राहिली. आत जाईना. आता काय करू?"

मशीन म्हणजे खड्डे खोदायचं पेट्रोलचं मशीन. वर छोटं टू-स्ट्रोक इंजिन, दोन बाजूंना धरायला दांडे आणि खाली बुचाच्या स्क्रूसारखा पिळाचा मोठा गिरमिट. थंड मुलखात असल्याच यंत्राने गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे धरतात म्हणे! आमच्याकडे बर्फ फक्त रसवंतीवर. आमचं गिरमिट काळ्या मातीत आणि तिच्याखालच्या मुरमात शिरतं.

दोन वर्षांपूर्वी भावाने ते घेतलं ते बांधावर झाडं लावायची म्हणून. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना बांधावर चार झाडं असावीत असं का वाटतं ते समजावून सांगायला नको. यंदा त्याने सीताफळाची आणि शेवग्याची मिळून दीडशे रोपं आणून ठेवली होती. रोपं पिशव्यांत, आभाळ भरलेलं, आणि गावातली सगळी माणसं सोयाबीनच्या पेरणीला. कुदळीने खड्डे घ्यायला मजूर मिळणार कुठून?

तालुक्याच्या दुकानात तो जाऊन आला होता. तिथे सांगितलं, आतली स्प्रिंग सुटी मिळत नाही, स्टार्टरचा अख्खा डबा घ्यावा लागेल, सहाशे रुपये आणि आठ दिवस. सहाशेचं काही नव्हतं हो. प्रश्न आठ दिवसांचा होता.

शनिवारी मी नांदेडहून निघालो. लोह्यावरून अहमदपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत मनातल्या मनात मशीन दुरुस्त करून झालं होतं. आपण शिकलेले, त्यात इंटरनेटवर दोन व्हिडिओ पाहिलेले!

आता ह्या स्टार्टरची रचना सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एका चकतीभोवती दोरी गुंडाळलेली असते आणि चकतीच्या पोटात घड्याळातल्यासारखी पातळ पोलादी पट्टीची स्प्रिंग. दोरी ओढली की चकतीवरची खिट्टी इंजिनला पकडून फिरवते. दोरी सोडली की स्प्रिंग तिला परत गुंडाळते. बस्स, एवढंच. आमच्या स्प्रिंगचं आतलं टोक, म्हणजे मधल्या खुंटीत अडकणारा आकडा, तुटला होता.

मी प्लगची वायर काढली, डबा सोडवला, चकती उचलली आणि स्प्रिंग सापासारखी उसळून कपाळाला लागली. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. (तुम्ही हे करणार असाल तर चष्मा लावा आणि चकती उचलताना वर जाड फडकं धरा.) मग मोठ्या आत्मविश्वासाने पकडीने टोक वाकवायला गेलो. टक्! अजून अर्धा इंच तुटला. भाऊ काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणंच फार लागलं.

तेवढ्यात काका आले. काका जिल्हा परिषदेच्या हापसे दुरुस्तीच्या गाडीवर मदतनीस होते, आता रिटायर आहेत. त्यांनी तुटलेला तुकडा उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, "थंडं वाकवायलास व्हय? ते पोलाद हाय बाबा, तार न्हाई."

मग स्वयंपाकघरात गॅसवर (मशीन आणि पेट्रोल लांब अंगणात ठेवून) त्यांनी पट्टीचं फक्त शेवटचं इंचभर टोक लाल केलं. बाकीच्या स्प्रिंगला ओलं फडकं गुंडाळलेलं, कारण तिचा ताव उतरला तर ती स्प्रिंगच राहणार नाही. लाल टोक पाण्यात न घालता चुलीतल्या राखेत खुपसून हळूहळू निवू दिलं. पाण्यात घातलं असतं तर काचेसारखं कडक होऊन पुन्हा तुटलं असतं. निवल्यावर ते टोक पकडीने निमूट वाकलं. कानशीने कड गुळगुळीत केली आणि आकडा तयार झाला.

मी म्हणालो, "चला, झालं!" काका म्हणाले, "तुटलं कामून, ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. त्यांनी दोरी चकतीवरून पूर्ण सोडली आणि हाताने वाव घेऊन मोजली. "ही दोरी कुणी घातली? स्प्रिंग फिरणार मोजके फेरे. दोरी त्याच्याहून लांब. दोरी संपायच्या आधी स्प्रिंग संपती, मग सगळा हिसका आकड्यावर."

दोरी मी घातली होती. गेल्या दिवाळीत जुनी दोरी झिजून तुटली, तेव्हा घरातली नायलॉनची दोरी बसवताना मीच म्हणालो होतो की थोडी लांबच असू दे, कमी नको पडायला. भावाने तेव्हा चारचौघांत कौतुकही केलं होतं, दादाचं जुगाड म्हणून.

तर मंडळी, मला जे म्हणायचंय ते इथे आहे. आपण जुगाडाचं फार कौतुक करतो. मोडलेलं कसंतरी चालू केलं की झालो आपण इंजिनिअर. पण जुगाड आणि दुरुस्ती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुगाडाला आजचा दिवस ढकलायचा असतो. दुरुस्तीला ते मोडलं का, हे विचारावं लागतं. माझ्या जुगाडाने दिवाळीचा दिवस ढकलला आणि पेरणीच्या दिवसांत मशीन बंद पाडलं.

अर्थात सगळा दोष जुगाड करणाऱ्यावर टाकणंही बरोबर नाही. सुटा भाग मिळत नाही आणि डब्यात काय आहे हे कुणी सांगत नाही, तिथे माणूस दुसरं करणार काय? ह्यावर काकांच्या हापशाची गोष्ट फार बोलकी आहे. पूर्वीचे बिडाचे हापसे एका घराने वापरायचे होते. अख्ख्या गावाने दिवसभर हापसल्यावर ते मोडायचे. १९६०च्या दशकात आपल्या मराठवाड्यातच, जालन्यात, मिशनच्या लोकांनी मजबूत पोलादी हापसा बनवला. पुढे सोलापुरात त्यात सुधारणा झाली आणि त्यातून, युनिसेफच्या मदतीने, १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंडिया मार्क टू आला, तोच आपल्या गावोगावी दिसणारा. मजबूत खराच. पण खालचं वायसर झिजलं की तीन-तीन मीटरचे लोखंडी पाईप एकामागून एक वर काढायचे. त्याला गाडी, तिकाटणं आणि चार-पाच माणसं लागायची. "तळहातावर मावंल एवढं वायसर," काका सांगतात, "आन त्याच्यापायी गाव आठ-आठ दिस गाडीची वाट बघायचं."

म्हणून पुढे मार्क थ्री काढला. त्यात पाईप रुंद केला, त्यामुळे दट्ट्या आणि खालची झडप पाईप न काढता वर ओढता येते. म्हणजे कुणीतरी टेबलाशी बसून विचार केला की हे मोडणार आहे, आणि मोडेल तेव्हा ते गावातल्या माणसाला उघडता आलं पाहिजे. मजबूत वस्तू बनवणं मोठं काम आहेच, पण मला हे त्याहून मोठं वाटतं.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने पहिल्यांदा हाती घेतलेल्या चार क्षेत्रांत मोबाइल, गाड्या, घरगुती उपकरणं यांच्यासोबत शेतीची अवजारंही आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं. चांगलंच आहे. पण माझं मागणं साधं आहे. स्प्रिंग सुटी मिळू द्या, आणि दोरी किती लांब हवी ते झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मराठीत लिहिलंत तर उपकार होतील.

आणि आपल्या बाजूने? सगळंच घरी उघडावं असं मी म्हणणार नाही. विजेची मोटर, गाडीचे ब्रेक, गॅसचा रेग्युलेटर ह्यांच्या नादाला मी लागत नाही, तुम्हीही लागू नका. पण जे उघडता येतं ते उघडावं, आणि उघडल्यावर एकदा तरी काकांचा प्रश्न विचारावा.

असो. स्प्रिंग इंच-दीड इंचाने तोकडी झाली होती, म्हणून काकांनी तिचे फेरे पुन्हा मोजले आणि दोरी त्याहूनही आखूड कापली. तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत सत्तर खड्डे झाले, उरलेले रविवारी. सोमवारी दुपारी पाऊस आला, तेव्हा मी नांदेडला परत कामावर होतो. भावाचा फोन आला तो ह्या वेळी पावसाची बातमी सांगायला.

काकांच्या मते आता तो आकडा मऊ आहे, कधीतरी सरळ होईल. म्हणून नवा डबा मागवून माळवदावरच्या खोलीत ठेवलाय. अजून लागलेला नाही.

दोरी कुणाची होती हे काकांनी ओळखलं होतं, पण भावासमोर बोलले नाहीत. मीही बोललो नाही. आता हे वाचून त्याला कळेलच. बाळा, दिवाळीला आलो की बोलू. रागावू नकोस :)