खाडीला सातबारा नसतो

यंदाच्या स्नेहसंमेलनात ‘पूल आणि कोकणचा विकास’ या विषयावर वक्तृत्व स्पर्धा झाली. आठ जण बोलले, आठांनीही पूल बांधला आणि टाळ्या घेतल्या. टाळ्या मीही वाजवल्या. धोपाव्याहून दाभोळची खाडी ओलांडून कॉलेज गाठणाऱ्याला पुलाची महती कोणी सांगायला नको. शेवटची फेरी चुकली की चिपळूणवरून वळसा! अन् पावसाळ्यात रात्री एखादी अडलेली बाई पैलतीरी न्यायची झाली, म्हणजे खाडी म्हणजे काय ते कळते. तेव्हा पूल व्हावाच. माझी तक्रार वेगळी आहे.

आमच्या खाडीत २००३ साली फेरीबोट सुरू झाली. आम्ही तिला जंगलजेटी म्हणतो. तिच्यावर तांडेल आहे, इंजिन सांभाळणारा आहे, दोर टाकणारे खलाशी आहेत, तिकिटे फाडणारा पोरगा आहे. धक्क्यावर चहाची टपरी आहे आणि बोट लागली की पाटी पुढे करणारी म्हातारी कोळीण आहे. रेवस ते रेडी सागरी महामार्गाच्या योजनेत रेवस–करंजा, दिघी–आगरदांडा, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल आहेत. आठ वक्त्यांपैकी एकाच्याही भाषणात ही माणसे आली नाहीत.

पुलाच्या जोडरस्त्यात ज्याची कलमे जातील त्याला मोबदला मिळेल. त्याच्यापाशी सातबारा आहे. तांडेलाने काय दाखवायचे? पाणी? गंमत अशी की २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबांच्या व्याख्येत मच्छीमारांबरोबर नावाडीही आहेत. मात्र त्यांचा रोजगार जमीन संपादनामुळे बुडालेला असला पाहिजे. तरीवाल्याचा रोजगार बुडतो तो उतारू डोक्यावरून निघून जातात म्हणून. म्हणजे कायद्याने नावाड्याला दारापर्यंत बोलावले आणि उंबऱ्यावर जमिनीचा कागद मागितला.

गोव्यातली गोष्ट निराळी आहे. तिथल्या बहुतेक फेरीबोटी सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला आणि रहदारीचा भार पुन्हा फेरीबोटींवर येऊन पडला. नवा पूल व्हायला १९९२ उजाडले. आज मांडवीवर तीन पूल आहेत, तरी पणजी–बेती फेरीबोट चालतेच. तिथला खलाशी सरकारी नोकर. एक मार्ग बंद झाला तर त्याची बदली होऊ शकते. आमच्या तांडेलाची बदली कोण कुठे करणार? सारी तर सरकारने चालवावी असे मी म्हणत नाही. पण हातावर पोट असणाऱ्याला निदान पूल कधी होणार हे तरी आधी कळावे!

“पूल झाला म्हणजे तुम्ही काय करणार?” मी तांडेलकाकांना विचारले. ते म्हणाले, “मी पण त्याच्यावरनंच जाणार. पण कुठं जाणार, ते तुमच्या कॉलेजात विचार.”

म्हणून विचारतो आहे. मोबदल्याची यादी होईल ती जमिनीवरून होईल. धक्क्यावरच्या माणसांची यादी आम्ही तिघे मित्र या मे महिन्याच्या सुट्टीत करणार आहोत. कोण, किती वर्षे, रोजाने की पगारावर, घरी खाणारी तोंडे किती. यादी कशी करावी हे अर्थशास्त्राच्या सरांनी शिकवावे. ती कोणत्या कचेरीत द्यायची, ते मात्र आम्हांला अजून ठाऊक नाही.