स्पिटफायरची आरती आणि हरिकेनचे श्रेय

१/१४
विमानवेड्यांच्या मंडळीत १९४० सालच्या ‘ब्रिटनच्या लढाई’चा विषय निघाला की पुढचे नाव ठरलेले असते : स्पिटफायर. तिचे लंबवर्तुळी पंख, तिच्या इंजिनाचा नाद, तिच्यावरचे चित्रपट. ही भक्ती मला समजते. पण ती इतिहासाच्या वेषात येते तेव्हा तिला अडवणे भाग आहे. भारतीय वाचकाने तर विशेषच अडवावे.

२/१४
आधी हिशेब पाहू. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटिश फायटर कमांडमध्ये हरिकेन विमानांच्या स्क्वाड्रन स्पिटफायरच्या सुमारे दीडपट होत्या. पाडलेल्या जर्मन विमानांतही हरिकेनचा वाटा मोठा होता. मुख्य भार ज्याने वाहिला, ते विमान आज सहकलाकार म्हणून ओळखले जाते.

३/१४
दोघांची जन्मकथा जवळजवळ एकत्रच घडली. सिडनी कॅम यांचे हरिकेन ६ नोव्हेंबर १९३५ रोजी प्रथम उडाले, आर. जे. मिचेल यांची स्पिटफायर ५ मार्च १९३६ रोजी. दोन्हींत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन, दोन्हींत आठ मशीनगन. फरक होता तो बांधणीत.

४/१४
स्पिटफायरचा सारा देह ताणलेल्या धातूच्या पत्र्याचा. हरिकेनचा मागचा भाग मात्र पोलादी नळ्या, लाकडी पट्ट्या आणि वर ताणलेले कापड. शौकीन याला ‘जुनाट’ म्हणतात. पण त्या कापडातून तोफेचा गोळा अनेकदा आरपार निघून जाई. मग धावपट्टीच्या कडेला फिटर ठिगळ लावत आणि विमान पुन्हा लढाईवर जाई.

५/१४
उलट, स्पिटफायरचा तो सुंदर पंख कारखान्यांना जड गेला. कासल ब्रॉमविच येथील प्रचंड कारखाना खास तिच्यासाठी उभारला गेला, पण तेथून पहिली विमाने बाहेर पडायला जून १९४० उजाडला. युद्धात विमान उत्तम असून भागत नाही. ते वेळेवर आणि पुरेशा संख्येने हाती असावे लागते.

६/१४
प्रतिपक्षाचे खरे मुद्दे मी नाकारत नाही. स्पिटफायर अधिक वेगवान होती, उंचीवर सरस होती आणि युद्ध संपेपर्यंत तिच्यात सुधारणा होत राहिल्या. हरिकेनची वाढ लवकर खुंटली. परंतु ‘श्रेष्ठ यंत्र कोणते’ आणि ‘ती लढाई मुख्यतः कोणी पेलली’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवणे हीच लबाडी.

७/१४
त्या लढाईत फायटर कमांडला एकच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १६ ऑगस्ट १९४० रोजी साउदॅम्प्टनच्या आकाशात जेम्स निकल्सन यांचे विमान पेटले, तरी समोरच्या शत्रूवर मारा करूनच त्यांनी उडी टाकली. ते विमान हरिकेन होते. हेच निकल्सन पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आले आणि २ मे १९४५ रोजी बंगालच्या उपसागरावर मरण पावले.

८/१४
पोलिश वैमानिकांची विख्यात ३०३ क्रमांकाची स्क्वाड्रन? तीही त्या लढाईत हरिकेनच उडवत होती. स्वदेश गमावलेली ही माणसे परक्या आकाशात, परक्या भाषेतल्या आज्ञा ऐकत लढली. त्यांची कथा आज बहुतेक वेळा स्पिटफायरच्या चित्राखाली छापली जाते!

९/१४
मग विस्मरण घडले कसे? काही अंशी ते घडवले गेले. १९४० मध्ये ‘स्पिटफायर फंड’ निघाले : ५,००० पौंड द्या, एका विमानाचे दाते व्हा. १९४२ मध्ये मिचेल यांच्यावर ‘द फर्स्ट ऑफ द फ्यू’ हा चित्रपट आला. मिचेल १९३७ मध्येच, अवघ्या ४२ व्या वर्षी निवर्तले होते. शोकांतिकेला नायक मिळाला. कॅम मात्र जिवंत होते आणि काम करत होते; अशा माणसाची दंतकथा होत नाही.

१०/१४
आपल्याकडचा पैसाही त्या प्रवाहात गेला. गायकवाडांच्या बडोद्याचे नाव १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाले आणि ती स्पिटफायर उडवत असे. संस्थानाचा पैसा स्पिटफायरच्या नावाशी जोडला गेला. भारतीय तरुणांचे रक्त मात्र प्रामुख्याने दुसऱ्या विमानांशी जोडलेले आहे.

११/१४
१९४४ मध्ये इंफाळला जपान्यांचा वेढा पडला. तेथे अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेनवरून टेहळणी आणि हल्ले करत होती. त्याच कामगिरीबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. युरोपात मागे पडलेले हे विमान ब्रह्मदेशात आपल्या हवाई दलाचा कणा होते. त्या धुक्याच्या दऱ्यांतल्या उड्डाणांच्या किती कथा आपण वाचल्या आहेत?

१२/१४
कॅम यांचा वारसा तेथेच थांबत नाही. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातली टेम्पेस्ट, १९७१ मध्ये विक्रांतवरून झेपावलेली सी हॉक, त्याच डिसेंबरात लोंगेवालाला रणगाडे टिपणारी हंटर : सारी हॉकर कंपनीची, कॅम यांच्याच परंपरेतली. काश्मीरला स्पिटफायरही लढली, हे खरे. पण भारतीय आकाशाचे सर्वाधिक ऋण ज्या आराखडाकारावर आहे, त्याचे नाव आपल्या शौकिनांपैकी कितीजण घेतात?

१३/१४
कोणी म्हणेल, ‘प्रेमाला हिशेब कसला?’ प्रेमाला नसेल, स्मरणाला असतो. आज उडत्या स्थितीतली हरिकेन विमाने स्पिटफायरच्या मानाने मोजकीच उरली आहेत. जे आवडते त्याला देणगी मिळते, जे जतन होते ते दिसते आणि जे दिसते तेच पुढच्या पिढीचा इतिहास बनते. आपल्या आवडीनिवडीने मृतांची गैरहजेरी लागते.

१४/१४
म्हणून स्पिटफायरवर जरूर प्रेम करा. पण यापुढे त्या लढाईची कथा सांगाल तेव्हा ठिगळ लावणारा फिटर, पोलंडचा निर्वासित आणि इंफाळचा भारतीय वैमानिक यांच्यासाठी तीत जागा ठेवा. ती जागा हरिकेनच्या कथेत आहे. मतभेद असतील तर अवश्य मांडा. मात्र पंखांच्या वळणावरून नव्हे, हिशेबावरून.