एक्स-रे वेणी घालत नाही

"एक्स-रे मस्त आलाय, ऑपरेशन यशस्वी!" हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. अहो, पण हात वर जातोय का?

दंडाचं हाड खांद्यापाशी तीन-चार तुकड्यांत मोडलं की नुसता गोळा बदलायचा, ही १९५० च्या दशकातली डॉ. चार्ल्स नीर यांची पद्धत. दुखणं बहुधा थांबतं, पण स्नायू ज्या उंचवट्यांना धरून असतात ते जुळले नाहीत, तर वेणी घालणं विसरा! फ्रान्सच्या पॉल ग्रामाँनी १९८५ मध्ये गोळा आणि वाटीची अदलाबदल केली. हा उलटा सांधा नॉर्वेतल्या २०२० च्या अभ्यासात ६५ ते ८५ वयाच्या रुग्णांत प्लेटपेक्षा सरस ठरला. छानच! पण प्लेटला हरवलं म्हणजे सगळं जिंकलं का? स्पेनमध्ये २०१९ साली ८० पुढच्या रुग्णांत हाच सांधा आणि नुसता गळ्यात बांधलेला हात यांची तुलना झाली. वर्षभराने फरक अगदी थोडा!

तेव्हा मंडळी, आजीला टेबलावर घेण्याआधी विचारा : हात कुठवर जाईल? आणि न कापता कुठवर गेला असता? उत्तरादाखल नुसता एक्स-रे दाखवला, तर सरळ दुसरा डॉक्टर गाठा.